बोअरच्या आतली बर कशी काढावी?

प्रश्न : व्हॉल्व्ह बॉडीच्या मुख्य बोअरला (आतल्या गोल पोकळीला) आडवी छिद्रं येऊन मिळतात. तिथली बर (छिद्राच्या काठावर राहिलेली धातूची धारदार कड) कानशीला सापडत नाही आणि सील कापले जातात. बॉल होन (आत फिरवून घासायचा गोळ्यांचा ब्रश) चालेल का?

उत्तर : चालेल. अशा कामाला मी आधी तोच उचलतो. नायलॉनच्या लवचीक तंतूंच्या टोकांवरच्या अपघर्षक गोळ्या छिद्राच्या काठावरून जाताना किंचित आत शिरतात आणि धार मोडतात. होन बोअरपेक्षा थोडा मोठाच घ्या, नाहीतर दाब पडणार नाही. बिडाला किंवा पोलादाला सिलिकॉन कार्बाइडच्या गोळ्या, १८० किंवा २४० ग्रिट (कणांचा बारीकपणा). होनिंग ऑइल भरपूर. आत घालताना आणि बाहेर काढताना होन फिरताच हवा. थांबलेला ओढलात तर लांब सरळ ओरखडे पडतात, आणि ते पाहून फार वाईट वाटतं.

लंबगोल किंवा निमुळता झालेला बोअर मात्र यानं सुधारत नाही. हा होन आहे त्या आकारामागेच जातो. तिथं कडक दगडांचा होन लागतो. जाड, लोंबणारी बरही आधी कापून घ्या.

आणि धुणं! नुसतं पुसून भागत नाही. राहिलेले कण सील खातात. गरम साबणाच्या पाण्यानं, ब्रशनं घासा; आत फिरवलेलं पांढरं फडकं स्वच्छ निघेपर्यंत घासा. मग कोरडं करून लगेच तेल लावा.