सोलापुरी चादर-टॉवेलच्या छोट्या ऑनलाईन दुकानात कुठले ॲडव्हान्स फीचर टाकावेत?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: घरचे लूम आहेत, चादर, टॉवेल, नॅपकिन मिळून साठेक आयटमची वूकॉमर्सवर (वर्डप्रेसवर चालणारं ऑनलाईन दुकानाचं सॉफ्टवेअर) साईट आहे, ऑर्डरी येतात पण मोजक्याच, आणि आता वेबसाईटवाल्याने चॅटबॉट, विशलिस्ट (आवडलेला माल नंतरसाठी बाजूला ठेवायची सोय), लॉयल्टी पॉइंट, मोबाईल ॲप, एआय रेकमेंडेशन (गिऱ्हाइकाला 'हेही घ्या' असं आपोआप सुचवणं), मल्टी करन्सी (वेगवेगळ्या देशांच्या चलनात भाव) अशी भलीमोठी यादी कोटेशनसकट हातात दिलीय, तर त्यातलं काय घ्यावं. मी सोलापुरातच छोट्या दुकानांच्या साईट सांभाळतो, त्यात चादरवाले बरेच आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ती यादी बाजूला ठेवा आणि दुकानाचं व्हॉट्सॲप उघडा. मागच्या दोन-तीन महिन्यांत गिऱ्हाइकांनी काय काय विचारलंय ते एका वहीत उतरवा, कंटाळा न करता. साधारण असलेच प्रश्न निघतील बघा: डबल बेडला पुरंल का, वजन किती, रंग जातो का, दोन्ही बाजूनं वापरता येते का, बेंगळुरूला किती दिवसात पोचंल, कॅश ऑन डिलिव्हरी आहे का, पन्नास नग घेतले तर काय लावाल, जीएसटीचं बिल मिळंल का. जे उत्तर तुम्ही रोज रोज टाईप करताय ते साईटवर दिसायला पाहिजे, तिथं खर्च करा. आणि जे फीचर एकाही गिऱ्हाइकानं कधी मागितलं नाही, ज्यानं तुमच्या हातचं एकही काम कमी होत नाही, ते आत्ता घेऊ नका, कितीही भारी दिसत असलं तरी.

आता चादरीच्या धंद्यात सगळ्यात जास्त पैसा कुठं मुरतो तर शिपिंगमध्ये, आणि नेमकं तेच यादीत नसतं. कुरिअरवाले नुसतं काट्यावरचं वजन धरत नाहीत, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये काढून त्याला साधारण ५००० नं भागतात आणि दोन्हीतलं जे जास्त ते लावतात. म्हणजे समजा डबलची चादर काट्यावर पावणेदोन किलो भरली पण तुम्ही ती ४० बाय ३० बाय १२ च्या खोक्यात टाकली, तर हिशेब होतो २.८८ किलो आणि बिल येतं तीन किलोचं. तीच चादर घट्ट घडी घालून दाबून पॅक केली आणि उंची ८ वर आणली तर १.९२, म्हणजे दोन किलोत बसली. यात कुठलंही प्लगिन (साईटला वरून जोडायचं जादा सॉफ्टवेअर) नाही, फक्त खोकं बदललं, आणि प्रत्येक ऑर्डरमागं एक किलोचं भाडं वाचलं. वेबसाईटवर हात घालायच्या आधी प्रत्येक साईजचं पॅकिंग करून टेप लावून मोजा आणि ते आकडे प्रॉडक्टमध्ये भरा.

मग पुढचं काम सोपं आहे. वूकॉमर्समध्ये शिपिंग झोन (भागाप्रमाणे भाडं) आणि शिपिंग क्लास (मालाप्रमाणे भाडं) आधीपासून असतात, फुकट, पण मी बघतो बहुतेक जणांनी ते उघडलेलेच नसतात. महाराष्ट्र एक झोन, कर्नाटक-तेलंगणा दुसरा, बाकी भारत तिसरा. आणि नॅपकिन, टॉवेल, चादर असे तीन क्लास. सगळ्याला सरसकट एकच रेट लावला तर चादरीवर तुमचं नुकसान होतं आणि दोन नॅपकिन घेणारं गिऱ्हाईक भाडं बघूनच पळून जातं. ठराविक रकमेच्या वर फ्री शिपिंग हीसुद्धा आत असलेलीच सोय आहे.

आणि हे भाडं शेवटच्या पानावर अचानक दिसता कामा नये. चाटी गल्लीतल्या एका दुकानात मी मालकांच्या भाचीला त्यांच्याच साईटवरून स्वतःच्या मोबाईलवर ऑर्डर करायला सांगितलं आणि गप्प शेजारी बसलो. तिनं टॉवेलचा सेट निवडला, नाव, पत्ता, पिनकोड सगळं भरलं, आणि पेमेंटच्या वर शिपिंगचा आकडा आला तसा अंगठा थांबला, एकदा मामांकडं बघितलं आणि बॅक दाबलं. मामांना तिथंच कळलं, मला काही समजवावं लागलं नाही. तुम्ही पण असं घरातल्या कुणाला तरी बसवून बघा, मदत करायची नाही, बोलायचं नाही. कुठं अडतंय ते त्याच जागी दिसतं. जगभरात माल टाकून भरलेल्या कार्टपैकी साधारण ७० टक्के कार्ट तशाच सोडल्या जातात आणि त्याचं पहिल्या नंबरचं कारण वरचे जादा खर्च हेच सांगितलं जातं, म्हणून कार्ट सोडलेल्यांना मेसेज पाठवणारं फीचर घ्यायच्या आधी भाडं कार्टच्या पानावरच दाखवा. पिनकोड टाकला की किती दिवस आणि किती भाडं हे प्रॉडक्टच्या पानावरच सांगणारं प्लगिन मिळतं, तुमच्या यादीत ते असेल तर ते जरूर घ्या.

कॅश ऑन डिलिव्हरीचं तसंच. बंद करू नका, आपल्याकडं अजून बरीच माणसं माल हातात आल्यावरच पैसे देतात, त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण माल परत आला की जातानाचं आणि येतानाचं दोन्ही भाडं आपल्या बोकांडी, आणि चादरीसारख्या जड मालात त्या एका ऑर्डरचाच काय, पुढच्या दोन ऑर्डरींचा नफा जातो. म्हणून लांबच्या झोनला ते बंद ठेवायचं (हे सेटिंगमधून होतं), ठराविक रकमेच्या वर थोडे पैसे आधी यूपीआयनं घ्यायचे, आणि पार्सल उचलायच्या आधी व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाकून 'हो' आल्याशिवाय पाठवायचं नाही. ऑर्डरी वाढून हातानं जमेनासं झालं की मग त्या मेसेजचं ऑटोमेशन विकत घ्या. हातानं चालतंय तोवर हातानं करा, कारण हातानं करताना नेमकं काय पाहिजे ते कळतं आणि मग वेबसाईटवाल्याला ते नीट सांगता येतं.

होलसेलचं मला फार वाटतं, कारण खरा माल तिथंच उठतो. लॉजवाले, हॉस्टेलवाले, लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर देणारे, कंपनीत दिवाळीची भेट देणारे, यांना साईटवर सध्या जागाच नाही. पण लगेच महागडं बी टू बी (होलसेल गिऱ्हाइकांसाठीचं) प्लगिन घेऊ नका. प्रत्येक प्रॉडक्टखाली 'जास्त नग पाहिजेत? भाव विचारा' असं बटण द्या, ते दाबलं की त्या प्रॉडक्टच्या नावासकट व्हॉट्सॲप उघडतं, ही साधी लिंक असते, पैसे लागत नाहीत. सोबत चेकआउटला जीएसटी नंबर टाकायचा रकाना आणि आपोआप निघणारं बिल हवंच हवं, लॉजवाला त्याशिवाय घेणार नाही. (राज्याबाहेर माल विकायला साधारणपणे तशीही जीएसटीची नोंदणी लागते, ती झालेली असेल असं धरतो.)

मग फोटो. याला कुणी ॲडव्हान्स म्हणत नाही पण मी म्हणतो. चादर पलंगावर पसरून एक, शेजारी टेप ठेवून एक, उलटी बाजू एक, काठ जवळून एक, आणि लूमवर चालू असतानाचा छोटा व्हिडिओ. टॉवेलला जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) लिहा. सोलापुरी चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल दोन्हीला जीआय (त्या गावच्या मालाचं सरकारी नामांकन) मिळालेला आहे, आणि सोलापुरी म्हणून भलताच माल बाजारात खपतो ही आपली जुनी तक्रार आहे, तर तुमचं त्या जीआयचं ऑथोराइज्ड युजरचं (ते नाव वापरायचा अधिकार असलेल्याचं) रजिस्ट्रेशन असेल तर ते ठळक दाखवा, नसेल तर ते करायच्या मागं लागा. लूमचा तो व्हिडिओ परगावच्या माणसाला जे पटवतो ते कुठलंही एआय पटवू शकत नाही. फक्त मोबाईलमधले पाच-पाच एमबीचे फोटो तसेच चढवू नका, वेबपीमध्ये (फोटोचा हलका प्रकार) बारीक करा. पेजस्पीड इनसाइट्सवर (साईटचा वेग मोजणारं गूगलचं फुकट पान) तपासलं तर मुख्य चित्र अडीच सेकंदांच्या आत दिसलं पाहिजे, आणि प्रत्येक नवीन प्लगिन टाकल्यावर ते परत तपासा, कारण सहा प्लगिन टाकले की साईट जड होते.

आता यादीतलं बाकीचं पटपट सांगतो. ॲप नको, वर्षातून एकदा चादर घेणारा माणूस त्यासाठी ॲप ठेवत नाही. लॉयल्टी पॉइंट नको, आपली चादर वर्षानुवर्षं टिकते, गिऱ्हाईक पॉइंट वापरायला येणार कधी. चॅटबॉट नको, आपल्याकडं तेलुगू, कन्नड बोलणारी माणसं घरात नाहीतर कारखान्यात असतातच, हैदराबादच्या गिऱ्हाइकाला तेलुगूत दिलेलं दोन ओळींचं उत्तर बॉटच्या शंभर उत्तरांना भारी आहे. एआय रेकमेंडेशन साठ आयटमवर काय शिकणार, वूकॉमर्समध्ये लिंक्ड प्रॉडक्टचा (सोबत दाखवायच्या मालाचा) रकाना असतो तो एक दुपार बसून भरा, चादरीसोबत उशीचे अभ्रे, टॉवेलसोबत नॅपकिन. विशलिस्टच्या ऐवजी व्हॉट्सॲप शेअरचं बटण द्या, आपल्याकडं चादर घरात सगळ्यांना दाखवून मगच ठरते. मल्टी करन्सी परदेशातून चौकशा यायला लागल्यावर बघू. कार्ड सेव्ह करायची सोय तुमच्या साईटवर बनवून देतो म्हणत असेल तर स्पष्ट नाही म्हणा; ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारानं कार्डचा नंबर साठवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी नाही, ते काम पेमेंट गेटवे (ऑनलाईन पैसे स्वीकारून देणारी कंपनी) टोकन म्हणजे खऱ्या नंबराऐवजी बदली नंबर वापरून करतो.

कोटेशनमध्ये 'फक्त २ शिल्लक' किंवा उलटं धावणारं घड्याळ असेल तर तेही काढायला लावा. खोटी घाई दाखवणं, कार्टमध्ये गुपचूप काही टाकणं या गोष्टी नोव्हेंबर २०२३ च्या केंद्र सरकारच्या डार्क पॅटर्नच्या (गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या साईटच्या युक्त्या) गाईडलाईननुसार मना आहेत, आणि त्याहून मोठं म्हणजे आपल्या गिऱ्हाइकाला फसवायचं कशाला. उलट ज्या गोष्टी २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी आणि वजनमापाच्या नियमांनी लागतातच त्या कुणी यादीत लिहीत नाही: तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात, एमआरपी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, माल कुठल्या देशातला. हे पान आधी करून घ्या.

सगळं एकदम टाकू नका, एक टाका, दोन-तीन आठवडे ऑर्डरी आणि व्हॉट्सॲपवरचे प्रश्न बघा, मग दुसरं. दिवाळीच्या तोंडावर चेकआउटला हात लावू देऊ नका, आणि काही करायच्या आधी बॅकअप घेतलाय का हे विचारा. शेवटचं म्हणजे पैसे देताना डोमेन, होस्टिंग, प्लगिनची लायसन्स आणि गेटवेचं खातं तुमच्याच ईमेलवर आणि तुमच्याच नावावर आहे ना हे बघून घ्या, आणि प्लगिनची फी दरवर्षी किती लागणार ते कोटेशनवर लिहून मागा. कोटेशनमधली नावं आणि रकमा इथं टाकलीत तर एकेक बघून सांगतो, फोन नंबर वगैरे मात्र टाकू नका.