3 फूट लांबीच्या पुस्तकांच्या फळीला 18 मिमी प्लायवूड पुरेल, की 25 मिमी घ्यावं?

फळी फक्त दोन टोकांना टेकलेली असेल आणि तुम्ही ती पुस्तकांनी गच्च भरणार, असं धरून सांगतो. 18 मिमीच घ्या. पण पुढच्या कडेला एक उभी पट्टी चिकटवा, नाहीतर मधे एक आधार द्या. नुसत्या 18 मिमीवर सोडू नका.

माझी पहिली मांडणी 18 मिमी एमडीएफची (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या बोर्डची) होती, फळ्या 3 फुटांच्याच. पुस्तकं लावली त्या दिवशी थोडा झोळ दिसला, तेवढं चालतंच म्हणून मी सोडून दिलं. वर्षभराने कडेला दोरा ताणून धरला, तर मधोमध 12 मिमी! फळी उलटी करून बसवली. काही महिन्यांत ती सरळ झाली आणि मग दुसऱ्या बाजूनेही वाकली. भार कायम राहिला की लाकूड हळूहळू वाकतच जातं, आणि एमडीएफ, पार्टिकल बोर्ड यांच्यात हे जास्त होतं. म्हणून पहिल्या दिवशी फळी सरळ दिसली यावर विसंबू नका.

जाडी दुप्पट केली की ताठपणा 8 पट होतो. 18 वरून 25 वर गेलात तर अडीच पटींहून थोडा जास्त. ऐकायला छान वाटतं, पण लांबीचा हिशोब बघा: फुटाला तेवढीच पुस्तकं धरली तर 3 फुटांची फळी 2 फुटांची केल्यावर झोळ पाचव्या हिश्श्यावर येतो. मधे उभा आधार दिला तर त्याहूनही कितीतरी कमी. म्हणून आधी दोन आधारांमधलं अंतर ठरवा, जाडी नंतर.

मधे आधार नकोच असेल, तर पट्टी. साधारण 18 बाय 40 मिमीची भरीव लाकडाची पट्टी, 40 ची बाजू उभी, वरची कड फळीच्या पातळीत. अख्ख्या लांबीभर सरस लावून क्लॅम्पने आवळा. चार खिळे मारून भागत नाही. एवढ्याने ताठपणा दुपटीहून जास्त वाढतो, आणि वजन 25 मिमीच्या फळीपेक्षा कमीच राहतं. मागची कड पाठीच्या प्लायला स्क्रूने धरून ठेवा, नाहीतर मागच्या बाजूला झोळ पडेल.

प्लायवूड साधारणपणे एमडीएफच्या दुप्पट ताठ असतं, पण वरच्या थराच्या रेषा फळीच्या लांबीत धावत असतील तरच. शीट वाचवायला आडवी कापून घेतलेली फळी त्याच जाडीची असूनही जास्त वाकते. कापायच्या आधी पेन्सिलीने बाण काढून ठेवा, म्हणजे घोळ होत नाही.

आणि चिकटवाचिकटवी करायच्या आधी एक करा. फळी दोन विटांवर 3 फुटांच्या अंतराने ठेवा, खरी पुस्तकं लावा, दोरा ताणून मधलं अंतर मोजा. भार कायम राहिला की ते हळूहळू दुप्पट होईल असं समजा. 3 फुटांत अडीच मिमीच्या पुढे झोळ गेला की डोळ्याला खटकायला लागतो.