राग गिळायचा की दाखवायचा? एका सुपरवायझरचा अनुभव

बढती मिळालेली बरीच माणसं माझ्याकडे एकच काळजी घेऊन येतात : हाताखालच्यांवर राग दाखवला तर ती दुखावतात आणि गिळला तर डोक्यावर बसतात. मग करायचं काय?

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात पॅकिंग विभाग सांभाळणारी साखळीची एक तरुणी हेच विचारत होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तिच्या हाताखाली एक वयस्क मावशी होत्या. नोकरीला लागली तेव्हा हिला काम त्यांनीच शिकवलं होतं.

चवथीच्या तोंडावर मोठी ऑर्डर आली. गोव्यात चवथीला रजा नाकारणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. निम्म्याच बायकांना सोडता येणार होतं आणि मावशींचं नाव उरलेल्यांत आलं. हिने यादी फळ्यावर लावली आणि तिथून निघून गेली. नंतर काही आठवड्यांनी कार्टनवर बॅच नंबर चुकीचा छापला जात होता. मावशींनी तो पाहिला, पण बोलल्या नाहीत. सगळा माल पुन्हा उघडावा लागला आणि ही लाइनवर, सगळ्यांसमोर, त्यांच्यावर ओरडली.

तिला वाटत होतं की आपला राग फार आहे. मी विचारलं, "यादीत त्यांचं नाव लिहिताना काय वाटलं होतं?" बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "लाज."

माझ्या मते सगळं इथेच अडलं होतं. लाज झाकायला तिने कोरडा चेहरा धरला. एमिली बटलर, जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भावना दाबून बोलणाऱ्या व्यक्तीच्या समोर बसलेल्या माणसाचाही रक्तदाब वाढलेला आढळला. म्हणजे आपण गप्प राहून काहीच कळू दिलं नाही असं समजतो, तेव्हाही समोरच्याला ताण पोचतोच. आणि ज्या साहेबाशी बोलणं जड जातं, त्याला चूक कोण सांगणार? व्यवस्थापनाच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांच्या अभ्यासात चांगल्या चमूंमध्ये चुकांची नोंद जास्त दिसली होती. तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या, असा त्यांनी अर्थ लावला.

माफी कशाची मागायची, यावर आम्ही बराच वेळ घालवला. रजेच्या निर्णयाची मागू नकोस, तो योग्य होता, असं मी स्पष्ट सांगितलं. ओरडण्याची मात्र मागायची, तीही सगळ्यांसमोर, कारण अपमान सगळ्यांसमोर झाला होता. बॅच नंबरचा विषय वेगळा, दोघींतच काढायचा.

तिने तसंच केलं. दोघीच असताना मावशी म्हणाल्या, "रजा दिली नाहीस त्याचं एवढं नाही गो. सांगायला स्वतः आली नाहीस, यादी लावलीस."

पुढच्या वर्षी तिने श्रावणातच सगळ्यांना बसवून विचारलं, कुणाकडे गणपती दीड दिवसाचा, कुणाकडे पाच. बऱ्याच रजा बायकांनी आपसातच जुळवल्या. छपाई बिघडली की आता मावशी स्वतः लाइन थांबवून तिला हाक मारतात. दोघी पूर्वीसारखा एकत्र डबा मात्र खात नाहीत. पद आल्यावर एवढं अंतर राहतं, हे तिला पटलं आहे. पण त्याचं दुःख तिला आहे आणि त्यावर आम्ही अजून बोलतो.