मुलं ऐकायलाच तयार नाहीत, तरी कागद करायचे का?

सांगलीहून एका ताईंचं पत्र आलंय. वय ६४, शाळेतून रिटायर झालेल्या. थोडक्यात असं: "मिस्टरांची बायपास झाली तेव्हापासून डोक्यात एकच, आमच्यामागे मुलांची धावपळ नको. फ्लॅट माझ्या नावावर, गावची जमीन ह्यांच्या नावावर. मुलगा पुण्यात, मुलगी कॅनडात. विषय काढला की मुलगा म्हणतो अभद्र बोलू नकोस, मुलगी कॉलवर रडायलाच लागते. आणि मला शेवटी व्हेंटिलेटरवर पडून राहायचं नाहीये, ते तर दोघं बोलूच देत नाहीत. माझं काही चुकतंय का?"

ताई, काही चुकत नाहीये. फक्त तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय आणि दोन्हीसाठी मुलांच्या होकाराची वाट बघत बसलाय. प्रॉपर्टीच्या कागदांना त्यांचा होकार लागतच नाही. आजारपणाचं मात्र बोलावंच लागेल, ते टाळून चालणार नाही.

आधी कागद. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे केलीत तर पुढे शंका कमी निघतात म्हणून मी म्हणेन कराच. दोन साक्षीदार हवेत, दोघांच्या समोर तुम्ही सही करायची आणि त्यांनी तुमच्यासमोर, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. तुमचं वेगळं आणि मिस्टरांचं वेगळं करा. जमीन वडिलोपार्जित असेल तर ते फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतंच लिहू शकतात, त्यामुळे सातबारा घेऊन एकदा वकिलाकडे जाऊन या. पाटल्या कुणाला, तोडे कुणाला हेही नाव घेऊन लिहा, भांडणं बहुतेक वेळा फ्लॅटपेक्षा ह्याच्यावरून जास्त मनाला लागतात.

मृत्युपत्र नसेल तर तुमच्या फ्लॅटवर मिस्टर, मुलगा आणि मुलगी तिघांचा सारखा हक्क येतो, मग पुढे विकायचा म्हटलं तर मुलीला तिकडून कॉन्सुलेटमध्ये जाऊन कुलमुखत्यारपत्र करून पाठवा वगैरे सगळं आलं. आत्ता जी रडतेय तिलाच तेव्हा सुट्ट्या काढून पळावं लागेल.

नॉमिनीचं एक नीट समजून घ्या कारण इथे खूप घरांत गैरसमज असतो. सोसायटीत किंवा बँकेत मुलाचं नाव नॉमिनी म्हणून टाकलं म्हणजे ते त्याचं झालं असं नाही, नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा, मालक वारसच किंवा मृत्युपत्रात नाव असेल तो. शेअर्सच्या बाबतीतसुद्धा सुप्रीम कोर्टाने २०२३ साली हेच सांगितलंय. तरी नॉमिनी टाकाच, नाहीतर बँकेत फेऱ्या होतात. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात आणि टक्केवारीही देता येते, दोन मुलं असलेल्या घरात हे बरंच सोयीचं आहे.

मग एक वही करा. पेन्शनच्या आदेशाचा (पीपीओ) नंबर, खाती, एफडी, लॉकरची किल्ली कुठे, पॉलिसी, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, कुणाकडून येणं कुणाला देणं. पिन वगैरे लिहू नका. आणि मुलांना सांगून ठेवा की आमच्यामागे एटीएममधून पैसे काढायचे नाहीत, रीतसर क्लेम करायचा, आणि मोबाईल नंबर लगेच बंद करायचा नाही, अर्धे मेसेज त्याच्यावरच येतात.

आता व्हेंटिलेटरचं. ह्यासाठी लिव्हिंग विल असतं, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत ते शुद्धीत असतानाच लिहून ठेवलेला कागद, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते, मॅजिस्ट्रेटकडे जायची गरज नाही. तुमच्या वतीने डॉक्टरांशी कुणी बोलायचं त्याचं नाव त्यात लिहायचं. एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे द्या, एक महापालिकेत नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मुलांना वाटतंय की आईने सही केली म्हणजे आयसीयूत नेलं की उपचार बंद. तसं अजिबात नाही, सुधारण्याची आशा उरलेली नसेल तेव्हाच हा कागद बघितला जातो आणि त्यावर डॉक्टरांची दोन मंडळं विचार करतात. हे त्यांना आधी सांगा, निम्मी भीती तिथेच जाईल.

आणि दोघांना एकत्र कॉलवर घेऊन सांगू नका, एकजण रडला की विषय संपतो. मुलगा घरी येईल तेव्हा त्याला एकट्याला बसवा आणि म्हणा, "बाळा, मी परवानगी मागत नाहीये. डॉक्टर बाहेर येऊन विचारतील तेव्हा तू एकटा उभा असशील आणि तुझी बहीण फोनवर. तू काहीही ठरवलंस तरी कुणीतरी म्हणेल घाई केलीस नाहीतर उशीर केलास. ते ओझं मला तुझ्यावर टाकायचं नाही, म्हणून मी लिहून ठेवतेय." मुलीला हेच स्वतः वेगळं सांगा, मुलाकडून निरोप नको, नाहीतर तिला वाटेल सगळं तिच्यामागे ठरलं. ती रडली तर रडू दे, तुम्ही फोन ठेवू नका.

मिस्टरांचं काय म्हणणं आहे ते पत्रात कुठेच नाहीये. बायपास त्यांची झालीय, आधी त्यांना विचारा.