पिगमेंट शाई आणि फाउंटन पेन: कोणत्या पेनात भरावी, कशी धुवावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण शाईने रेखाटने करून त्यावर जलरंगांचा हात फिरवता, म्हणून आपल्याला पाण्याने न पसरणारी शाई हवी आहे. त्यासाठी आपण प्लॅटिनम या जपानी कंपनीच्या कार्बन ब्लॅक या पिगमेंट शाईची बाटली घेतली आहे आणि ती वडिलांच्या जुन्या, ड्रॉपरने शाई भरायच्या एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, पेनात वापरण्याचा विचार आहे. दुकानदाराने मात्र ‘ही शाई पेन खाते’ असे सांगून घाबरवले आहे. हे पेन मध्येमध्ये पंधरा-पंधरा दिवस हातात घेतले जात नाही, असेही आपण लिहिले आहे. माझ्या मते उत्तराचा निम्मा भाग या शेवटच्या वाक्यातच आहे.

पिगमेंट शाई पेन खात नाही. कार्बन हा रासायनिकदृष्ट्या अत्यंत निष्क्रिय पदार्थ आहे. सोन्याच्या किंवा स्टीलच्या निबेला त्याचा काहीही उपद्रव होत नाही. आम्लामुळे धातूला त्रास होण्याची भीती असलीच तर ती जुन्या पद्धतीच्या, लोहाचे क्षार आणि टॅनिन असलेल्या आयर्न गॉल शायांच्या बाबतीत असते, आणि तो विषय वेगळा आहे. पिगमेंट शाईचा धोका एकच आहे, तो म्हणजे पेनाच्या आत वाळणे. साध्या शाईतला रंग पाण्यात विरघळलेला असतो. ती वाळली तरी पुन्हा पाणी लागताच रंग सुटतो, त्यामुळे वर्षभर पडून राहिलेले पेनही रात्रभर पाण्यात ठेवले की बहुधा लिहिते होते. पिगमेंट शाईतले रंगकण पाण्यात मुळी विरघळतच नाहीत. ते निबेच्या चिरेपेक्षा कितीतरी पटींनी बारीक असतात आणि एकमेकांना चिकटू नयेत म्हणून घातलेल्या द्रव्यांच्या आधारे पाण्यात तरंगत राहतात. पाणी उडून गेले की कण एकमेकांना आणि खालच्या पृष्ठभागाला घट्ट धरतात, आणि नंतर कितीही पाणी घातले तरी ते पूर्वीसारखे सुटे होत नाहीत. कागदावर आपल्याला नेमके हेच हवे असते आणि पेनात नेमके हेच नको असते. तेव्हा ही शाई वापरण्याची सारी काळजी म्हणजे ती कागदावर पोहोचण्याआधी वाळू न देणे.

बाटलीवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिले आहे एवढ्यावरून कोणतीही शाई पेनात भरू नये. फाउंटन पेनासाठी म्हणून बनवलेल्या पिगमेंट शायांत आपली कार्बन ब्लॅक, सेलरची किवागुरो आणि सेइबोकु, माँटब्लांकच्या परमनंट ब्लॅक आणि परमनंट ब्लू, दे अट्रामेंटिसच्या डॉक्युमेंट शाया, रोरर अँड क्लिंगनरच्या स्केचइंक या नावाजलेल्या आहेत. याउलट चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात ‘इंडियन इंक’ किंवा ‘वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक’ म्हणून मिळणाऱ्या शाईत बहुधा लाखेचा (शेलॅकचा) किंवा ॲक्रिलिकचा, कण चिकटवून धरणारा बंध असतो. ती बुडवून लिहायच्या टाकासाठी आणि कुंचल्यासाठी उत्तम, पण फाउंटन पेनात एकदा वाळली तर पेन जवळपास गेल्यात जमा आहे. पांढऱ्या शाईचेही तेच. तिच्यातले टायटॅनियम डायऑक्साइडचे कण जड असतात आणि लवकर तळाशी बसतात. आपल्याकडे बोरूने लिहिणारे लोक काजळी आणि डिंकाच्या शाईने शतकानुशतके लिहीत आले, ती कार्बनचीच शाई होती, पण बोरूला ना टोपण ना आतली बारीक नळी, त्यामुळे तुंबण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता. चमकी असलेल्या शाया पुन्हा वेगळ्या. त्यांतली चमक अभ्रकासारख्या बऱ्याच मोठ्या कणांची असते, आणि त्यांना इथले सगळे नियम लागू करू नयेत.

आता पेनाकडे वळू, कारण निवड इथे चुकते. या शाईसाठी पेन निवडताना मी तीन गोष्टी पाहतो: टोपण हवाबंद आहे का, पेन सहज उघडून धुता येते का, आणि ते मोडले किंवा तुंबले तर जिवाला लागेल का. पहिली कसोटी सर्वांत महत्त्वाची. टोपण काढून स्वच्छ पुसावे, त्याच्या उघड्या तोंडाला ओठ लावून हलकेच फुंकावे. हवा कुठूनच निघाली नाही तर उत्तम. क्लिपच्या मुळाशी किंवा वरच्या टोकाला हवा सुटत असेल, तर त्या पेनात ही शाई भरू नये. अनेक जुन्या पेनांच्या टोपणाला मुद्दामच छिद्र ठेवलेले असते. तो दोष नव्हे, पण आपल्या कामाला ते निरुपयोगी आहे. दुसरी चाचणी म्हणजे साधी शाई भरून पेन चार-पाच दिवस आडवे ठेवावे आणि मग काहीही न झटकता एक रेघ ओढावी. पहिला शब्द उमटला नाही किंवा फिका उमटला, तर त्या टोपणात पिगमेंट शाई सुरक्षित नाही.

या बाबतीत प्लॅटिनमचीच साधी पेने फार उपयोगी पडतात. त्यांच्या ३७७६ सेंच्युरी या पेनात २०११ पासून टोपणाच्या आत स्प्रिंगवर बसवलेले एक आतले टोपण असते, ते निबेभोवती घट्ट बसते, आणि हीच रचना त्यांनी स्वस्तातल्या प्रेपीलाही दिली आहे. प्रेपी काही शेकड्यांत मिळते, कार्ट्रिजवर (तयार शाईची नळी) किंवा कन्व्हर्टरवर (पुन्हा भरता येणारी, दट्ट्याची नळी) चालते, पुढचा भाग निब आणि तिच्याखालच्या, शाई पुरवणाऱ्या जिभेसकट बोटांनी ओढून काढता येतो, आणि वाईटात वाईट झाले तर दुसरी घेता येते. स्केचिंगसाठी याहून सोयीचे पेन मी नवशिक्यांना सुचवत नाही. त्याच कंपनीचे कार्बन डेस्क पेन याच शाईसाठी बनवलेले आहे आणि त्याची रेघ फार बारीक असते, परंतु ते लांब शेपटीचे, टेबलावरचे पेन असल्यामुळे पिशवीत घालून फिरण्यास अडचणीचे आहे.

वडिलांचे एबोनाइटचे पेन मात्र या कामात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक तर ड्रॉपरने भरायच्या पेनाच्या दांडीत दोन-तीन मिलिलिटर शाई मावते. आपण म्हणता तसे मध्येमध्ये वापरले तर ती संपायला दोन-अडीच महिने लागतील, तेवढ्या काळात पाणी थोडे थोडे उडत जाऊन शाई दाट होत जाईल. दुसरे, निबेखालची जीभ, म्हणजे फीड, एबोनाइटची असेल तर ती शाई छान धरते. साध्या शाईने लिहिताना हाच तिचा गुण असतो, पण पिगमेंटचे कण तिच्या खरबरीत अंगात आणि आडव्या खाचांत असे बसतात की जीभ बाहेर काढल्याशिवाय निघत नाहीत. जुन्या एबोनाइटची जीभ आणि निब जोराने ओढून काढणे जोखमीचे आहे. त्यातून एबोनाइट फार काळ पाण्यात किंवा गरम पाण्यात ठेवले की त्याचा रंग उडून ते मातकट, हिरवट दिसू लागते. म्हणजे ज्या पेनाला सगळ्यात जास्त धुवावे लागेल, तेच धुण्याला सगळ्यात नाजूक.

कार्बन ब्लॅक भरताना बाटली जोरात हलवू नये, फेस होतो. ती हळुवारपणे चार-सहा वेळा उलटीसुलटी करावी, म्हणजे तळाशी बसलेला साका वर येतो. बाटलीत पेन थेट बुडवण्यापेक्षा सिरिंजने शाई काढून कन्व्हर्टरमध्ये घालणे बरे, कारण निबेला चिकटलेला कागदाचा धागा किंवा दुसऱ्या शाईचा अंश बाटलीत गेला तर सारी बाटली बिघडू शकते. आणि एक पथ्य कडकपणे पाळावे: पिगमेंट शाईत दुसरी कोणतीही शाई मिसळू नये, अगदी त्याच कंपनीची साधी शाईसुद्धा. कणांना सुटे ठेवणारे द्रव्य दुसऱ्या शाईतल्या क्षारांनी किंवा आम्लाने निष्प्रभ होऊ शकते. मग कण एकत्र येऊन गुठळ्या होतात. शाई बदलायची असेल तर आधीची शाई पूर्ण धुऊन पेन वाळवून मगच दुसरी भरावी.

धुण्याच्या पाण्याचाही इथे संबंध येतो, आणि त्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असते. असे क्षार तरंगत्या कणांना एकत्र आणायला मदत करतात आणि वाळल्यावर स्वतःचा पांढरा थरही सोडतात. मराठवाड्यात किंवा पुण्याच्या बोअरवर अवलंबून असलेल्या सोसायट्यांत राहणाऱ्यांनी निदान शेवटचे धुणे डिस्टिल्ड वॉटरने करावे. बॅटरीत घालण्यासाठी पेट्रोल पंपावर किंवा वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात ते कॅनमध्ये मिळते. ॲसिडचा कॅन नाही ना, एवढे मात्र वाचून घ्यावे.

रोजच्या वापरातले पेन दोन-तीन वेळा शाई भरून झाल्यावर, किंवा महिन्याभरात एकदा, जे आधी येईल तेव्हा धुवावे. उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भात आणि मराठवाड्यात, हा अवधी निम्मा करावा. वातानुकूलित खोलीत काम करणाऱ्यांनीही तसेच करावे, कारण थंड हवेतला कोरडेपणा पेनाला उन्हाइतकाच वाळवतो. निब पंख्याखाली उघडी ठेवून रंग लावत बसण्याची सवय मात्र आजच सोडावी. रंगाचा हात फिरवताना पेनाला टोपण लागलेच पाहिजे. आठवडाभर पेन लागणार नाही असे दिसले की ते रिकामे करून धुऊन ठेवावे. शाई भरलेले पेन आडवे ठेवणे चांगले. निब वर करून ठेवले तर जिभेतली शाई खाली उतरून ती कोरडी पडते, आणि निब खाली ठेवल्यास साका जिभेतच जमा होतो.

धुताना साध्या शाईचा अनुभव इथे फसवतो. साधी शाई पूर्ण निघाली की पाणी स्वच्छ दिसते, आणि पाणी स्वच्छ दिसले की पेन स्वच्छ झाले असे आपण मानतो. पिगमेंटच्या बाबतीत पाणी लवकर नितळ होते, कारण सुटी शाई निघून गेलेली असते, पण भिंतीला चिकटलेला थर तसाच असतो. म्हणून पाणी नितळ झाल्यावर निब मऊ टिश्यूत किंवा टिपकागदात गुंडाळून, टोक खाली करून काही तास उभे ठेवावे. कागदावर निबेच्या चिरेच्या जागी करडी रेघ किंवा जिभेच्या कडांचे ठसे उमटले, तर काम बाकी आहे. जिभेच्या खाचांकडे तिरप्या उजेडात पाहिले तर काळी, किंचित चमकणारी कड दिसते. टोपणाच्या आत, आतल्या टोपणाच्या कडेलाही तशीच रिंग धरते, तीही कानाच्या कापसाच्या काडीने काढावी, नाहीतर तिचे कण पुन्हा निबेवर येतात. कन्व्हर्टरच्या दट्ट्यामागे गेलेला थर निघत नसेल तर कन्व्हर्टर बदलणे सर्वांत स्वस्त.

पाण्याने भागले नाही तर कपभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब टाकून पुढचा भाग त्यात काही तास ठेवावा, रबरी फुग्याच्या पिचकारीने मागून पाणी दाबावे, आणि मग भरपूर साध्या पाण्याने साबण काढून टाकावा. साबण राहिला तर शाई नको तेवढी वाहते. त्यानेही सुटले नाही तर अमोनियाचे सौम्य द्रावण. परदेशी मजकुरात एक भाग अमोनियाला नऊ-दहा भाग पाणी असे प्रमाण दिलेले असते, ते तिकडच्या घरगुती, पाच ते दहा टक्क्यांच्या अमोनियासाठी. आपल्याकडे रासायनिक दुकानात मिळणारा लिकर अमोनिया पंचवीस टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे एका भागाला चाळीस-पन्नास भाग पाणी घ्यावे, खिडकी उघडी ठेवावी, आणि ब्लीचशी त्याचा संबंध अजिबात येऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी वायू तयार होतो. हे द्रावण प्लॅस्टिकच्या पुढच्या भागाला पंधरा-वीस मिनिटे पुरे. पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या भागाला ते लावू नये. स्पिरिट, ॲसिटोन, थिनर यांना हात लावू नये: पेनाचे प्लॅस्टिक तडकते, सेल्युलॉइड तर विरघळते. निबेच्या चिरेत अडकलेला कण पितळेच्या अगदी पातळ, ०.०५ मिलिमीटरच्या पत्रीने हलकेच काढता येतो, पण ती पत्री जोर लावून आत घुसवू नये.

जलरंगाबद्दल शेवटचे. ही शाई कागदावर पूर्ण वाळल्यानंतरच पाण्याला दाद देत नाही. चकचकीत, शाई न पिणाऱ्या कागदावर तिला वेळ लागतो आणि बोट फिरले तर ठसा उमटतो. जलरंगाच्या कागदावर दहा-पंधरा मिनिटांत बहुधा रंग लावता येतो, तरी आपल्या कागदावर एक कोपरा आधी तपासून घ्यावा. वडिलांच्या पेनात साधी, धुऊन निघणारी निळी शाई भरावी आणि त्याने रोज चार ओळी लिहाव्यात. रेखाटनांसाठी कार्बन ब्लॅक आणि प्रेपी. तरीही वडिलांच्याच पेनाने टिकाऊ लिहायचे असा हट्ट असेल, तर ड्रॉपरने दांडीच्या एक चतुर्थांशच पिगमेंट शाई भरावी, ती संपताच धुवावी, आणि जीभ सुरक्षितपणे काढून देणारा पेन-दुरुस्ती करणारा आधी शोधून ठेवावा.