पेटंटच्या प्रोव्हिजनल (प्राथमिक) अर्जात फक्त जिवाणूचा स्ट्रेन (विशिष्ट वाण) होता, त्यातल्या एन्झाइमचा सीक्वेन्स (रचनेतल्या घटकांचा क्रम) नंतर मिळाला. सगळ्याच क्लेमना (ज्यावर हक्क मागतो त्या दाव्यांना) जुनी, म्हणजे प्रोव्हिजनलची, तारीख मिळेल का?

नाही, सगळ्यांना मिळणार नाही. पेटंट कायदा, 1970 च्या कलम 11 नुसार तारीख अर्जाला नव्हे, तर प्रत्येक क्लेमला लागते. प्रोव्हिजनलमध्ये जे खरोखर उघड केलं होतं, त्यावर आधारलेल्या क्लेमनाच जुनी तारीख मिळते. ‘या स्ट्रेनमधला एन्झाइम’ एवढंच लिहिलं असेल, तर सीक्वेन्सच्या क्लेमला कम्प्लीट स्पेसिफिकेशनचीच (नंतर द्यायच्या पूर्ण तपशिलाचीच) तारीख मिळेल असं धरून चाला. मधल्या काळात तो सीक्वेन्स तुम्हीच एखाद्या परिषदेतल्या पोस्टरवर छापला असेल, तर तोच तुमच्याविरुद्ध पुरावा ठरू शकतो, आणि मेहनतीने केलेलं काम असं हातचं गेलेलं पाहवत नाही. म्हणून सीक्वेन्स हाती आला की लगेच दुसरा प्रोव्हिजनल टाका. कलम 9(2) नुसार दोन्ही मिळून एकच कम्प्लीट देता येतं, मात्र पहिल्या प्रोव्हिजनलपासून 12 महिन्यांच्या आत. ही मुदत चुकली तर अर्ज सोडून दिल्याचं मानलं जातं.

एक अट मात्र वेगळी आहे: स्ट्रेन शब्दांत पुरेसा वर्णन करता येत नसेल आणि लोकांना उपलब्ध नसेल, तर कलम 10(4) प्रमाणे तो बुडापेस्ट करारातल्या (पेटंटसाठी सूक्ष्मजीव जमा करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या) मान्य संस्थेत जमा करावा लागतो, तोही भारतात अर्ज दाखल करण्याच्या तारखेपर्यंत. नंतर जमा करून भागत नाही. पुणेकरांना यासाठी लांब जायला नको. अशी मान्यता असलेलं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र पुण्यातच आहे. प्रोव्हिजनल टाकण्याआधीच तिथे चौकशी करा, कारण स्ट्रेन तपासून पावती मिळायला वेळ जातो.