ट्रॅक दुसऱ्याच्या कानावर घालण्याआधी

प्रिय मैत्रिणी,

तुझा निरोप मिळाला. घरच्या घरी केलेला कवितेचा ट्रॅक तयार आहे, तो गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींना ऐकवायचाय, तर कुणाला पाठवू आणि काय विचारू, असं तू विचारलंस. सांगायचं पुष्कळ आहे, पण मुळाशी एकच गोष्ट आहे. बोलून सादर केलेल्या कवितेत शब्द आधी पोचला पाहिजे, आणि तो पोचतोय की नाही हे तुला स्वतःला कळणं जवळजवळ अशक्य आहे. कविता तुला पाठ आहे. ढोलकीच्या थापेखाली अर्धं अक्षर गेलं तरी तुझा मेंदू ती जागा भरून काढतो. हेडफोन कितीही भारी असले तरी हे टळत नाही. दुसऱ्यांचे कान हवेत ते यासाठी.

पण पाठवण्याआधी ढोबळ दोष काढून टाक. पंख्याची घरघर राहिली तर ऐकणारा प्रत्येक जण पंख्यावर बोलेल, कवितेपर्यंत कुणी येणारच नाही.

मुंबईत शांतता मिळत नाही, तिची वेळ गाठावी लागते. रुळांजवळ घर असेल तर शेवटची लोकल गेल्यावर आणि पहाटेची पहिली सुटायच्या आधी जो मधला काळ मिळतो, तो तुझा. पंखा बंद, फ्रिज बंद (काम झाल्यावर आठवणीने चालू कर), फोन विमान मोडवर. लॅपटॉप चार्जरवर असताना बारीक 'हूं' ऐकू येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड कर. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ती गुणगुण 50, 100, 150 अशा पटीत येते आणि नंतर पुसायला गेलीस तर आवाजाचा भरदारपणाही सोबत जातो. बोलायला सुरुवात करण्याआधी दहा सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करून ठेव. दोन ओळींमधली फट भरायला ती लागते. तिथे एकदम मुकी शांतता आली की कान दचकतो.

खोली लहान, भिंती उघड्या आणि खाली लादी असेल तर आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. कपड्यांचं कपाट उघड आणि त्याच्याकडे पाठ करून बस, कारण माइक तुझ्या तोंडाच्या दिशेने ऐकतो आणि तुझ्या पाठीमागे जे असेल तेही ऐकतो. माइक तोंडापासून एक वीत लांब आणि थोडा बाजूला, ओठांच्या कोपऱ्याच्या रेषेत. 'फलाटावर पहाट भरते' अशी ओळ समोर धरलेल्या माइकमध्ये म्हणून बघ: फ, प आणि भ तिन्ही ठिकाणी हवेचा झोत आदळून 'धप्' उठेल. बाजूला ठेवलास की झोत पुढे निघून जातो आणि आवाज मात्र मिळतो. रेकॉर्डिंगच्या मीटरवर लेव्हल अशी ठेव की नेहमीचं बोलणं उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील आणि सगळ्यात चढ्या ओळीलाही उणे 6 च्या वर जाणार नाही. शून्याला टेकून फाटलेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ण सांधता येत नाही.

आणि ब्लूटूथ इअरफोन लावून रेकॉर्ड करू नकोस. बीट, म्हणजे मागचं ताल-संगीत, तुझ्या कानापर्यंत उशिरा येतो, कित्येकदा दीडशे-दोनशे मिलिसेकंदांनी. तुझा ट्रॅक 90 च्या लयीत, म्हणजे मिनिटाला 90 मात्रांचा, असेल तर एक मात्रा 667 मिलिसेकंदांची, म्हणजे हा उशीर पाव मात्रेच्या घरात जातो. उशिरा आलेल्या बीटवर तू अगदी अचूक बोलतेस आणि मिक्समध्ये, म्हणजे आवाज आणि संगीत एकत्र केल्यावर, मात्र मागे पडलेली दिसतेस. तबलजी ऐकून 'ताल कच्चा आहे' म्हणेल आणि दोष असेल फक्त इअरफोनचा. शंभर-दोनशे रुपयांचे वायरवाले इअरफोन घे.

आता खरी परीक्षा. ट्रॅकमधला जिथे संगीत सगळ्यात दाट आहे असा तीस सेकंदांचा तुकडा काढ. ज्यांनी कविता वाचलेली नाही अशा चार-पाच जणांना तो पाठव आणि एवढंच सांग: 'एकदाच ऐक आणि जे शब्द कानावर आले ते जसेच्या तसे लिहून पाठव.' कवितेचा मजकूर सोबत देऊ नकोस. अर्थ समजावू नकोस. जी उत्तरं येतील ती तुझ्या ओळींशेजारी ठेव. एकाचा एखादा शब्द चुकला तर सोडून दे. तिघांचा एकाच जागी चुकला तर ती जागा आजारी आहे.

आजार कुठला, हे शोधायची रीत साधी आहे. त्या जागी संगीत बंद करून नुसता आवाज एखाद्या नव्या माणसाला ऐकव. नुसता आवाज स्पष्ट असेल तर शब्द संगीताखाली दबतोय. व्यंजनांची धार साधारण 2 ते 5 किलोहर्ट्झमध्ये असते, आणि हार्मोनियम, गिटार, झांज त्याच पट्ट्यात गर्दी करतात. आवाजाचा फेडर, म्हणजे पातळी वाढवायची पट्टी, वर ढकलू नकोस. संगीतातला 2 ते 4 किलोहर्ट्झचा भाग इक्यूने (ठरावीक पट्टा कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) दोन-तीन डेसिबलने खाली घे, तेही फक्त तू बोलतेस तेवढ्या वेळापुरतं. बहुतेक वेळा एवढ्यानेच शब्द वर येतो. हार्मोनियम सलग धरून ठेवला असेल तर त्या ओळीपुरता सोडून देणं हा इक्यूपेक्षाही चांगला इलाज.

नुसता आवाजही अस्पष्ट असेल तर दोन शक्यता. एक, तू ओळीच्या शेवटी श्वास संपल्यावर बोलतेस. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, म्हणजे वाक्याचा सगळा भार जिथे आहे तिथेच दम संपतो. त्यावर मिक्समध्ये औषध नाही. श्वासाची जागा बदल आणि ओळ पुन्हा रेकॉर्ड कर. दुसरी शक्यता डी-एसरची. स आणि श ची शिट्टी कापण्यासाठी तो 5 ते 8 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात लावतात, पण आपला 'चाळ'मधला च आणि 'झाड'मधला झ हेही तिथेच सळसळतात. डी-एसर जोरात लावला की त्यांची सळसळ कापली जाते आणि 'चाळ' चक्क 'ताळ' ऐकू यायला लागते. परदेशी आवाजांसाठी बनवलेलं तयार सेटिंग जसंच्या तसं उचललं की हे हमखास होतं. कपात तीन-चार डेसिबलच्या पुढे नेऊ नकोस. एखादा स फारच टोचत असेल तर तेवढं एक अक्षर हाताने कमी कर.

हे झाल्यावरच पूर्ण ट्रॅक जाणकारांकडे ने. त्यात एक ताल वाजवणारा असावा, एक कविता लिहिणारा आणि एक मिक्सिंग जाणणारा. प्रत्येकाला वेगळा पाठव, ग्रुपवर टाकू नकोस. ग्रुपवर पहिला 'कडक' म्हणाला की बाकीचे त्याच्यामागे जातात, पहिल्याने नाक मुरडलं तरी तेच. प्रश्नही माणसागणिक वेगळा हवा. ताल वाजवणाऱ्याला विचार, 'आवाज तालातून सुटल्यासारखा कुठे वाटला? मिनिट-सेकंद लिही.' तू स्वतः जागा दाखवू नकोस, दाखवलीस की त्याला ती सापडणारच. कवीला विचार, लक्ष कुठे भरकटलं. मिक्सवाल्याला विचार, आवाज आणि संगीत एकाच खोलीत असल्यासारखे वाटतात की आवाज वरून चिकटवलेला वाटतो. 'कसा वाटला?' असं मोघम विचारलंस तर उत्तरही मोघमच येईल.

फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून जोड. व्हॉइस नोट करून पाठवलास तर झांज आणि श्वास दोन्ही चुरगळतात. ऐकण्यापुरती 320 केबीपीएसची एमपी3 पुरते, मिनिटाला साधारण अडीच एमबी. कुणी मिक्स करून द्यायला तयार असेल तर मात्र 24 बिट, 48 किलोहर्ट्झच्या डब्ल्यूएव्ही, म्हणजे न दाबलेल्या, फाइली दे. आवाज, ढोलकी, बाकीची वाद्यं वेगवेगळी, पण सगळ्या एकाच शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या, आणि मास्टरवरचा, म्हणजे शेवटच्या एकत्र आवाजावरचा, लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेच्या वर जाऊ न देणारं साधन) काढलेला. नावात कवितेचं नाव, लय आणि आवृत्ती असू दे. 'फायनल फायनल नवीन' या नावाच्या तीन फाइलींमधून कुणालाच काही कळत नाही. बीट नेटवरून घेतला असेल तर तो कुणाचा आणि कुठल्या अटीवर, हे निरोपातच लिही. 'फ्री' लिहिलेले पुष्कळ बीट फक्त कमाई नसलेल्या वापरापुरते फ्री असतात. जुन्या गाण्याचा तुकडा वापरला असेल तर रचना आणि ध्वनिमुद्रण या दोन्हींचे हक्क वेगवेगळे असतात, हेही लक्षात ठेव.

उत्तरं आली की लगेच खुलासे देऊ नकोस. 'तिथे मुद्दाम तसं केलंय' असं लिहिलंस की समोरचा पुढचं बोलायचा थांबतो. आणखी एक: वाजवणारी माणसं तक्रार सांगत नाहीत, थेट इलाज सांगतात. 'रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) कमी कर,' 'ढोलकी बदल,' 'थोडं हळू म्हण.' इलाज बाजूला ठेव आणि तो कुठल्या सेकंदाला सुचला ते बघ. एकाने रिव्हर्ब म्हटलं, दुसऱ्याने ढोलकी, आणि दोघंही 1:12 वरच बोलतायत, तर 1:12 ला आवाज लांब गेलाय. इलाज तिसराच असू शकतो. आणि जिथे तिघांचं एकमत नाही तिथे तुझा निर्णय चालेल. ती कविता तुझी आहे, तिचा उच्चार, तिचं वळण, तिच्यातली घरची बोली कुणाच्या सांगण्यावरून घासून गुळगुळीत करू नकोस.

एका वेळी एकच बदल कर. नवी आणि जुनी आवृत्ती शेजारी ऐकताना दोन्हींचा मोठेपणा मीटरवर सारखा करून घे. नुसती एका डेसिबलने मोठी असलेली फाइलही कानाला चांगली वाटते आणि आपण सुधारणा झाली असं समजतो. मोठेपणासाठी लिमिटर पिळण्यातही फायदा नाही, यूट्यूब आणि स्पॉटिफाय साधारण उणे 14 एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं माप) वरचे ट्रॅक खाली आणतात. फोनच्या स्पीकरवर एकदा ऐक, तिथे खालचा बास गायब होतो, आणि ताल फक्त बासवर उभा असेल तर तोही जातो. गर्दीच्या लोकलमध्ये कमी आवाजात एकदा ऐक. तुझे बहुतेक श्रोते तिथेच ऐकणार आहेत.

शब्द लिहून घ्यायची परीक्षा दुसऱ्या आवृत्तीवर पुन्हा करावी लागेल, आणि पहिल्या वेळचे चार-पाच जण तेव्हा उपयोगाचे नसतील, कारण त्यांना आता तुझी कविता माहीत झालेली असेल. म्हणून आजच दोन-तीन माणसं बाजूला काढून ठेव आणि त्यांना एक ओळही ऐकवू नकोस. मलाही अजून मजकूर पाठवू नकोस, तीस सेकंदांचा तुकडाच पाठव. ऐकू येईल ते लिहून परत पाठवतो.

तुझा,
एक ऐकणारा